पायवाट

परभणीजवळच्या पेडगावात डोंगर नाही. काळ्याभोर जमिनीचा सपाट विस्तार आणि त्याला चहूकडून टेकलेले आकाश. उंच म्हणावी ती कडब्याची गंजीच. येथे माणसे चालतात ती शेताकडे, बाजाराकडे, आषाढात फार तर पंढरीकडे. केवळ सुटी आहे म्हणून कोणी पायी भटकू लागला, तर बैलही मान वळवून पाहतील!

स्वित्झर्लंडमध्ये मात्र डोंगरांतून चालण्यासाठीच लोक सुटी घेतात. पण तेथील वाटा आपोआप टिकल्या नाहीत. 1930 च्या सुमारास योहान याकोब एस नावाचे एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउझन घाटातून पायी चालले होते. मोटारींच्या वर्दळीने सहलीचा विरस झाला. चालणाऱ्याला वाटच उरली नाही, ही गोष्ट गुरुजींच्या मनाला लागली. त्यांच्या पुढाकाराने 1934 मध्ये पायवाटांसाठी एक संस्था स्थापन झाली. आज त्या चिमुकल्या देशात 65,000 किलोमीटरांच्या पायवाटा आहेत. वाटेवरच्या पिवळ्या पाट्या अंतर सांगत नाहीत, वेळ सांगतात: अमुक खिंड, दोन तास. 1979 मध्ये तेथील जनतेने मतदान करून या वाटांना राज्यघटनेतच स्थान दिले. एखादी वाट मोडावी लागली, तर तिच्या बदली दुसरी द्यावी लागते.

पेडगावच्या मुलाला आल्प्स दूर. कळसूबाई तितकी दूर नाही. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीतून आधी दौलताबादचा किल्ला दिसतो, पुढे अंकाई-टंकाईची जोडी. अकोले तालुक्यातील बारी गावातून चढण सुरू होते. महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर 1646 मीटरांचे. आल्प्समधील मॅटरहॉर्न 4478 मीटर उंच आहे खरा, पण धाप लागण्यास कळसूबाई पुरेशी आहे! लोखंडी शिड्यांवर सपाट मुलखातले पाय लटपटतात. माथ्यावर देवीचे इवलेसे मंदिर, दूर खाली भंडारदऱ्याचे पाणी. मूल तेथे पोचताच पूर्वेकडे तोंड करते आणि आपले गाव शोधते. गाव काही दिसत नाही.

घरी परतल्यावर त्याला मळ्याची पाणंद निराळी दिसू लागते. दोन्ही बाजूंच्या नांगरांनी दर वर्षी एकेक तास आत सरकावा आणि बैलगाडीच्या वाटेवरून एका माणसाने कसेबसे जावे, हे त्याने रोज पाहिलेले असते. डोळ्यांत खुपते ते आता. मग ते एक फळकूट शोधते, खडूने त्यावर लिहिते आणि पाणंदीच्या तोंडाशी बाभळीला बांधते:

‘मळा – अर्धा तास. पावसाळ्यात एक.’