मॉलच्या दारातली शिरगणती

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला परदेशात कोणी कामाला जुंपील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण भाच्याने जुंपले. तो पुण्याच्या एका कापड कंपनीत आहे. जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात दुकान थाटावे का, आणि कुठल्या मॉलमध्ये, हे पाहायला कंपनीने त्याला धाडले होते. मे महिन्याची सुटी होती. मी आणि सौभाग्यवती त्याच्यामागून गेलो.

सुलतानाची ही राजधानी १७५५ सालची. तिच्या नावाचे नाते अयोध्येशी जोडतात. तिथली मंडळी मात्र लाडाने ‘जोग्जा’ म्हणतात. शहराचा मुख्य रस्ता मालियोबोरो. या नावात कोणाला इंग्रज सरदार मार्लबरो दिसतो; पण इतिहासकार पीटर केरी यांच्या मते मूळ शब्द संस्कृत ‘माल्यभर’, म्हणजे माळांनी नटलेला. मी हरखलो. भाचा म्हणाला, “मामा, व्युत्पत्ती राहू द्या. दारात उभे राहून माणसे मोजा.”

दार होते मालियोबोरो मॉलचे. हल्ली त्याला प्लाझा मालियोबोरो म्हणतात. मी इमानेइतबारे तासभर उभा राहिलो. आत जाणाऱ्यांना खंड नव्हता. सहलीची मुले, टांग्यातून उतरलेली कुटुंबे, घामाघूम प्रवासी. पण बाहेर येणारे बहुतेक हात हलवीत येत! आत गारवा होता, स्वच्छतागृह होते, खाण्याची सोय होती. खरेदी भलतीकडेच चालली होती.

कुठे, ते सौभाग्यवतींनी दाखवले. त्याच रस्त्यावर दक्षिणेला बेरिंगहार्जो बाजार आहे. त्याच्या पक्क्या इमारतीचे काम १९२५ साली सुरू झाले. आत बातिकच्या कापडाचे ढीगच्या ढीग. तुळशीबागेत तयार झालेल्या आमच्या कुटुंबाला भाषेची अडचण कसली? विक्रेतीने गणकयंत्रावर आकडा दाबला, हिने तो पुसून निम्मा दाबला. दोघी हसल्या आणि अधेमधे कुठेतरी सौदा जमला. मॉलमध्ये भाव ठरलेला. तिथे हे सुख नाही.

“म्हणजे बाजाराने मॉलला हरवले!” मी निकाल दिला.

“मॉलचे खरे स्पर्धक दुसरेच आहेत,” भाचा म्हणाला. शहराच्या पूर्वेला २००६ साली उघडलेला प्लाझा अम्बाररुक्मो आहे. तिकडे कॉलेजची मुले असतात. उत्तरेच्या रिंगरोडवर २०१५ साली उघडलेला हार्तोनो मॉल आज पाकुवोन मॉल झाला आहे. तिथे गाड्या लावायला ऐसपैस जागा. गावकरी या दोन्हींकडे जातात. मालियोबोरोच्या गर्दीत गाडी घालायची कोणी?

मग या मॉलकडे उरले काय? बाजाराचा भाव नाही, रिंगरोडचा ऐसपैसपणा नाही. उरला तो दारासमोरचा वाहता रस्ता.

त्या रस्त्यावरच्या पदपथांवर पूर्वी दाटीने विक्रेते बसत. २०२२ साली त्यांना उठवून ‘तेरास मालियोबोरो’ नावाच्या जागांत हलवले. पदपथ मोकळे झाले, चालायला सुख झाले. तिथे सदरे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना भाच्याने विचारले, धंदा कसा आहे? त्या म्हणाल्या, “पूर्वी गिऱ्हाईक पायाशी येऊन अडखळायचे. आता त्याला हाका माराव्या लागतात.”

मी गप्प झालो. सांगलीला माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान एसटी स्टँडच्या वाटेवर होते. स्टँड हलला. दुकान तेच, कापड तेच, वडीलही तेच. पण दोन वर्षांत फळ्या लागल्या. म्हणून तर मी मास्तर झालो.

भाच्याने माझ्या मनातले ओळखले. “आजोबांचे दुकान आठवले ना?”

रात्री चटईवर बसून आम्ही फणसाचे गोडसर गुदेग खाल्ले. भाच्याने अहवाल लिहिला: तळमजल्यावर, रस्त्याकडच्या दाराशी छोटा गाळा घ्यावा, बातिक ठेवू नये, त्यात बेरिंगहार्जोशी गाठ आहे, आणि करार दोन वर्षांहून अधिक मुदतीचा करू नये.

“दोनच का?” मी विचारले.

“रस्ता कधी वळेल, सांगता येते का, मामा?”

वडिलांना असा सल्ला देणारे कोणी भेटले नव्हते. बेरिंगहार्जोत घेतलेला सदरा मी अजून वापरतो. भाव विचाराल, तर तो सौभाग्यवतींनाच ठाऊक.