ख्रिस हॉय : आधी घड्याळाशी, मग माणसाशी

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात आणि गिअर एकच असतो. चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहते. पाय थांबवण्याची सोयच नाही. या सायकलवर सहा ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या स्कॉटलंडच्या ख्रिस हॉयची कारकीर्द मुद्दाम अभ्यासावी अशी आहे, कारण ऐन भरात असताना त्याला आपली विद्या जवळजवळ नव्याने शिकावी लागली.

हॉयचा जन्म 1976 सालचा, एडिनबराचा. ‘ई.टी.’ चित्रपटातला सायकलींचा पाठलाग पाहून तो लहानपणी बीएमएक्सकडे वळला. पुढे तो मेडोबँकच्या उघड्या ट्रॅकवर आला. पाऊस पडला की तिथला सराव बंद. या ट्रॅकवर घडलेल्या हॉयने किलोमीटर टाइम ट्रायल हा आपला प्रकार मानला. यात खेळाडू एकटाच असतो. उभ्या सायकलवरून सुरुवात करायची आणि 250 मीटरचे चार फेरे जीव तोडून मारायचे. शेवटच्या फेऱ्यात मांड्या पेटलेल्या असतात, तरी वेग जितका कमी घसरेल तितके चांगले. 2004 साली अथेन्समध्ये सर्वांत शेवटी उतरून त्याने 1 मिनिट 0.711 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले.

बीएमएक्सला जागा करून देण्यासाठी पुढच्या ऑलिम्पिकमधून किलोमीटर वगळण्यात आले. 2007 मध्ये बोलिव्हियातील ला पाझच्या विरळ हवेत हॉयने या प्रकाराचा विश्वविक्रम मोडण्याचा प्रयत्न केला. वेळ आली 58.880 सेकंद, विक्रम 0.005 सेकंदाने हुकला.

आता उरले स्प्रिंट आणि केरिन, म्हणजे वेग वाढवत नेणाऱ्या मोटारसायकलमागून सुरू होणारी अनेक खेळाडूंची शर्यत. स्प्रिंटमध्ये समोर घड्याळ नसते, माणूस असतो. पहिले दोन फेरे दोघे एकमेकांना जोखत, कधी जागच्या जागी तोल सांभाळत काढतात. मागच्याला पुढच्याच्या आडोशाने हवेचा रोध कमी लागतो आणि पुढच्याच्या हालचालीही दिसतात. वळणाच्या तिरप्या भिंतीवर उंच चढलेला खेळाडू खाली झेपावताना उताराचा वेग फुकट मिळवतो. या डावपेचांत मुरलेल्यांपुढे हॉय नवखा होता. त्याने तोड काढली ती किलोमीटरच्याच बळावर. तो लवकर वेग घ्यायचा आणि तो वेग शेवटपर्यंत टिकवायचा. मागचा आडोशातून बाहेर पडला, तरी हॉयला ओलांडून जाण्याइतका जोर त्याच्यात उरत नसे. एकट्याने सोसलेला तो शेवटचा फेरा इथे शस्त्र झाला.

मार्च 2008 मध्ये मँचेस्टरला तो स्प्रिंटचा जगज्जेता झाला. 1954 मधील रेग हॅरिसनंतर हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश पुरुष. त्याच वर्षी बीजिंगमध्ये त्याने सांघिक स्प्रिंट, केरिन आणि स्प्रिंट अशी तीन सुवर्णपदके जिंकली.

2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक स्प्रिंटसाठी प्रत्येक देशाला एकच जागा होती. ती जेसन केनीला मिळाली. हॉय सांघिक स्प्रिंटमध्ये उतरला आणि तिथे विश्वविक्रमासह सुवर्ण आले. केरिनच्या अंतिम शर्यतीत त्याने नेहमीप्रमाणे लवकर आघाडी घेतली. शेवटच्या फेऱ्यात जर्मनीचा मॅक्स लेव्ही बाहेरून त्याच्या पुढे सरकू लागला. हॉयने आतली रेघ सोडली नाही आणि अखेरच्या वळणावर पुन्हा वेग काढून शर्यत जिंकली. तेव्हा तो 36 वर्षांचा होता. एप्रिल 2013 मध्ये तो निवृत्त झाला. सहा सुवर्णांचा त्याचा ब्रिटिश विक्रम 2021 साली टोकियोमध्ये मोडला, तो त्याचाच संघसहकारी केनीने.