सेमिनरी हिल्स : नागपूरची हिरवी टेकडी

आमच्या वाशिमकडचा माणूस नागपूरला जातो तो कामासाठी. मेडिकलमध्ये पेशंट, हायकोर्टात तारीख, मुलाचा प्रवेश, नाहीतर दीक्षाभूमीचे दर्शन. काम आटोपले की परतीची एसटी. पण याच शहरात, सिव्हिल लाइन्सच्या पलीकडे, वनखात्याने राखलेली एक झाडीभरली टेकडी आहे. ख्रिस्ती धर्मगुरू घडविणारी जुनी संस्था, म्हणजे सेमिनरी, तेथे आहे. त्यावरून टेकडीचे नाव सेमिनरी हिल्स. खाली भोसल्यांच्या काळातील फुटाळा तलाव. वाचकांनी सुट्टीत मुलाबाळांसह एक सकाळ या टेकडीवर काढावी, यासाठी हा लेख.

"उन्हाळ्यात कसली आली पाखरे?" असे पुष्कळजण विचारतात. हिवाळ्यात परदेशातून येणारी बदके मार्च-एप्रिलपर्यंत परततात, हे खरे. परंतु आपल्या मुलखातील कितीतरी पक्ष्यांची वीण उन्हाळ्यातच होते. नर गातात, जोडपी घरटी बांधतात, पिलांना चारा आणतात. शिवाय सागासारख्या झाडांची पाने गळालेली असल्याने फांदीवरचा पक्षी लपत नाही. नवशिक्यांना याहून सोयीचा हंगाम नाही.

गेल्या मे महिन्यात वस्तीतील सुट्टीच्या वर्गातली सहा मुले घेऊन मी गेलो. सर्वांमिळून एक दुर्बीण, प्रत्येकाजवळ वही आणि पाण्याची बाटली. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून साडेपाचलाच चढायला लागलो. प्रथम ऐकू आला तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा त्याचा "टुक् टुक्" आवाज, नावही त्यावरूनच. दयाळ पक्षी शेंड्यावर बसून गात होता. हा काळा-पांढरा गवई हिवाळ्यात जवळजवळ मुका असतो. सातभाईंचा थवा पाचोळा उलथून किडे टिपीत होता. पावश्या पक्षी आपली अंडी याच सातभाईंच्या घरट्यात घालतो. त्याची साद शेतकऱ्याला "पेर्ते व्हा" अशी ऐकू येते, हे आमच्याकडील मुलांना सांगावे लागत नाही.

उंबराच्या झाडावर हिरवट पिवळी कबुतरे दिसली. हा हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर तो जगतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. पानांत असा मिसळून जातो की फळ खाली पडले की वर पाहावे. सातनंतर ऊन चढले, तशी काही पाखरे चोच उघडी ठेवून गळा थरथरवू लागली. पक्ष्यांना घाम येत नाही. अंगातील उष्णता ती अशी बाहेर टाकतात.

वाटेत एका दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "काका, ही टेकडी कोनाची हो?"

"सरकारची. म्हणजे आपल्या सगळ्यांची."

"मंग इथं कोनं प्लॉट कसे नाही पाडले?"

तिच्या घराजवळचे चिंचेचे मोठे झाड लेआउटसाठी तुटलेले तिने पाहिले होते. त्यावरची पोपटांची ढोलीही गेली. मी तिला सांगितले, की ही जमीन जंगल म्हणून राखली गेली, म्हणून टिकली. ज्याच्या घराला अंगण नाही, ज्याला महाबळेश्वर परवडत नाही, त्याच्यासाठी शहरातली अशी जागा हेच अंगण असते. बंगल्यातल्या माणसाला बाग असते. आपल्या पोरांना सावली मिळते ती अशा सार्वजनिक झाडांचीच.

आमच्या गावांत अशी टेकडी नसेल, पण जुनी झाडे आहेत. त्यांच्यासाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावर नोटीस लावावी लागते. कोणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. एका कागदावर अर्ज लिहावा, पोच घ्यावी. हे काम आपल्या मंडळांनी आणि महिला संघांनी अंगावर घ्यावे. तसेच पोपट पिंजऱ्यात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही घराघरात सांगावे.

पाखरे ओळखायला मोठे शिक्षण लागते, असे समजू नये. डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांच्याजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. काही काळ ते वाणिज्य शिकले होते. पदवीअभावी त्यांची सरकारी जागा हुकली. नंतरच्या काळात अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. पुढे जग त्यांना पक्षीतज्ज्ञ म्हणून ओळखू लागले. मराठीत मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' आहे. वाचनालयाने तो आवर्जून घ्यावा.

जाणाऱ्यांनी एवढे पाळावे : मळकट रंगाचे कपडे घालावेत, बोलणे हळू असावे, घरट्याजवळ जाऊ नये, अंड्यांना हात लावू नये, मुलांच्या डोक्यावर टोपी असावी आणि नऊच्या आत खाली उतरावे. ज्यांना नागपूर जमणार नाही, त्यांनी घराच्या सावलीत मातीचे उथळ भांडे ठेवावे, त्यात एक दगड टाकावा आणि पाणी रोज बदलावे. पाणी प्यायला कोणकोण येते, ते मुलांना तारीख घालून वहीत लिहायला सांगावे.