उड्या नंतर, आधी पाय!

शाओलिन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हवेत उडणारे गुळगुळीत डोक्याचे भिक्षू, नाहीतर १९८२च्या ‘शाओलिन टेम्पल’मधला पोरसवदा जेट ली. मीही तेच डोक्यात घेऊन चीनच्या हेनान प्रांतात पोचलो. झेंगझोऊहून बसने डेंगफेंग, समोर सोंगशान डोंगर. इसवी सन ४९५मध्ये बातुओ या भारतातून आलेल्या भिक्षूसाठी हा मठ उभारला, हे वाचून कॉलर उगाच ताठ झाली!

आत मात्र जत्राच. फोटो काढणारे, झेंड्यामागे धावणारे टूरवाले. अर्धा तास मी जाम वैतागलो होतो. त्यात १९२८च्या आगीत बरंच काही जळालेलं, म्हणजे पुष्कळ इमारती नंतर बांधलेल्या. पण अगदी मागचं सहस्रबुद्ध दालन मिंग काळातलं. सगळे तिथल्या भिंतीवरचे पाचशे अर्हत बघत होते. बघायची ती जमीन, बॉस! विटांच्या फरशीत चार ओळींमध्ये ४८ खड्डे. भिक्षूंनी पिढ्यान् पिढ्या पाय आपटून सराव केला आणि फरशी खचली, असं सांगतात.

पण पाय आपटून होतं काय? उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं, डेंगफेंगच्या एका कुंगफू क्लासमध्ये. आधी ‘माबू’, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. वजन खाली उतरतं, कुणी ओढलं तरी माणूस सहज हलत नाही. ‘गोंगबू’ म्हणजे धनुष्य. पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ. ठोशाचा जोर मागच्या टाचेतून वर येतो, दंडातून नाही. ‘शूबू’ म्हणजे रिकामं पाऊल. सगळा भार मागच्या पायावर, पुढचा नुसता टेकलेला. त्यामुळे लाथ मारताना आधी तोल सावरत बसावं लागत नाही.

ह्या पोझ मला जमल्या. अडलं ते एकीतून दुसरीत जाताना. माझं वजन दोन्ही पायांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होतं. सरांनी नेमकं तेव्हाच खांद्याला दोन बोटं लावली आणि मी धाडकन खाली. वर्षभराची जिमची फी डोळ्यांसमोरून गेली! पाऊल टेकलं की वजन त्याच क्षणी जमिनीत उतरायला हवं. पाय आपटतात ते यासाठी.

शाओलिनमध्ये म्हणतात, बैल बसेल एवढ्या जागेत लढता आलं पाहिजे. पुढे-मागे, एका रेषेत. (लोकलमध्ये आपल्याला एवढीही मिळत नाही, ते सोडा.) उड्या मारायला तिथे जागाच कुठे?

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून पुन्हा ते खड्डे बघायला गेलो. मांड्या इतक्या भरल्या होत्या की दालनाचा उंच उंबरठा ओलांडताना चौकट धरावी लागली.