डुलणारी होडी

कुंडलिकेत भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, कारण सकाळी तिला येणारं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं असतं. मुळशी धरणात अडवलेलं पाणी घाट उतरून आधी वीज करतं आणि मग कोलाडच्या अंगाला धावत येतं. मला राफ्टमध्ये सातआठ जणांबरोबर बसायचं नव्हतं. एकटीची कायाक हवी होती, आणि नवशिकी असल्यामुळे ती स्थिर हवी होती.

तारकर्लीच्या खाडीत पर्यटकांना देतात त्या वरून बसायच्या रुंद कायाक मी चालवल्या होत्या. त्या उलटायला मुश्कील, पण खळाळत्या नदीत त्यांचा उपयोग नाही. तिथे होडी अंगात घातल्यासारखी बसावी लागते. मला वल्हं शिकवणाऱ्या कोलाडच्या दादाकडे दोन जुन्या कायाक विकायला होत्या. एक आखूड, बूड सपाट, कडा धारदार. दुसरी लांबट, पोट फुगीर, कडा गोल. डोहाच्या साठलेल्या पाण्यात पहिलीत बसले तर चौरंगावर बसल्यासारखं वाटलं. दुसरी बसताक्षणी डावी-उजवीकडे डुलायला लागली. मी पहिलीवर बोट ठेवलं.

दादा म्हणाला, "ताई, आधी एडीतून बाहेर काढून बघा. मग बोलू."

मोठ्या खडकामागे पाणी थबकतं आणि उलटं फिरतं, ती एडी. शेजारून मुख्य धार धावत असते. दोन्हींमधली रेघ नीट पाहिलं तर दिसते: बुडबुड्यांची, मध्येच खळगे पडणारी. पहिल्या कायाकचं नाक त्या रेघेपलीकडे गेलं आणि वरून येणारी धार थेट तिच्या कडेवर चढली. वल्हं टेकवायला उसंतच मिळाली नाही. डोक्यावर हिरवं गार पाणी, कानात दगड घरंगळल्याचा आवाज. होडीचं तोंड झाकणाऱ्या स्कर्टचा पुढचा पट्टा ओढला, गुडघे सोडवले आणि वर आले.

मग दुसरी. तीच रेघ, तोच कोन. तीही कलली, पण सावकाश, आणि ते मला कमरेत कळलं. ठरावीक कोनापर्यंत गेली आणि तिथे थांबली. तेवढ्या वेळात मी धार जाते त्या बाजूला वल्हं टेकवलं, वरच्या बाजूचा गुडघा उचलला आणि होडी प्रवाहात सरळ झाली.

सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतं. पाणी सपाट असेल तोवर हे छान, पण लाट तिरकी झाली की होडीही तिच्याबरोबर तिरकी होते. गोल बुडाखालून लाट निघून जाते. डोहात जाणवणारी स्थिरता वेगळी आणि कललेल्या होडीने स्वतःला सावरून धरणं वेगळं. नदीत हे सावरून धरणंच कामाला येतं. डोहात बसवून 'बघा, हलत पण नाही' असं सांगत नवशिक्याच्या गळ्यात धारदार कडांची होडी मारणं मला धोक्याचं वाटतं.

डॅगर मांबा, पिरान्हा बर्न, जॅक्सन झेन ही नावं नवशिक्यांना नेहमी सुचवली जातात. पण नावापेक्षा माप महत्त्वाचं. प्रत्येक आकारासाठी कंपनी वजनाची किमान आणि कमाल मर्यादा देते. हेल्मेट, जॅकेट धरून आपलं वजन त्या दोन्हींच्या साधारण मध्यावर यावं. होडी मोठी झाली तर पाण्यावर नुसती तरंगते, कलवायची म्हटली तरी कलत नाही. लहान झाली तर शेपूट बुडतं आणि मागून धार तिला खाली ओढते.

आणि बैठक! मांड्यांवरचे आधार, कमरेच्या बाजूचे फोम, पाय टेकायची फळी, पाठीचा पट्टा: यातलं एक जरी ढिलं असलं तरी उत्तम होडीसुद्धा अस्थिर वाटते, कारण आपण आत घसरत असतो. दादाने फोमचे तुकडे कापून माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना बसवले. त्यानंतर तीच होडी निराळी वाटली. "कंबर सैल सोडा, खांदे होडीच्या मध्यावर," हे तो सारखं सांगत होता. होडी खालून डुलते तशी डुलू द्यायची, धड सरळ ठेवायचं.

घेण्याआधी ती पालथी घातली. बैठकीखालचं प्लास्टिक अंगठ्याने दाबून पाहिलं, कारण खडकांवर घासून ते तिथेच पातळ होतं. मग आत पाणी ओतून उन्हात ठेवली. कुठे पाझर नव्हता. उलटून आपण बाहेर पडलो की होडीत इतकं पाणी शिरतं की काठावर ओढणं दोघांनाही जड जातं. म्हणून मागच्या भागात हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या आणि मगच पैसे दिले.