मदतनीस भत्ता

नलगोंडा चौरस्त्याजवळ, मलकपेठेच्या तोंडाशीच, विकलांग व ज्येष्ठ नागरिक कल्याण खात्याचे मुख्य कार्यालय आहे. भाजी घेऊन परतताना तेथे जिल्ह्यांतून आलेली माणसे दिसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले टक्केवारीचे प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या हाताला धरलेले मूल. शासनाने अशा मुलाला शाळा द्यावी की शाळेचे पैसे त्याच्या आईबापांच्या हाती द्यावेत, हा प्रश्न माझ्यासारख्या कोषागारात आयुष्य काढलेल्या माणसाला तसा जुनाच आहे. अलीकडे मात्र तो माझ्या घरातच येऊन बसला आहे.

अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना 1974 साली सुरू झाली. नव्वदच्या दशकातले तिचे दर मला अजून पाठ आहेत. वह्यापुस्तकांना वर्षाला 400 रुपये, गणवेशाला 200, येण्याजाण्याला महिना 50, अंध मुलाला वाचून दाखवणाऱ्यासाठी महिना 50, आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याला शाळेत पोहोचवणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता महिना 75. त्या वेळी मी एका जिल्ह्याच्या गावी होतो. तेथे कापसाच्या बाजारात हमाली करणारा एक मराठी माणूस आपल्या मुलाला रोज खांद्यावरून शाळेत नेत असे. दहा महिन्यांचे 750 रुपये मार्चअखेरीला एकदम निघत. "साहेब, पोरगं रोज शाळेत जातंय, पैसा मात्र सालातून एकदाच येतोय," असे तो म्हणाला होता. त्यावर माझ्यापाशी अंदाजपत्रकीय उत्तर होते, पण ते त्याला सांगण्याजोगे नव्हते. त्या पैशांतून त्याने जुनी सायकल घेतली आणि तिच्या मागच्या कॅरियरवर लाकडी खुर्ची ठोकून घेतली. पुस्तकाची पावती लागे, गणवेशाची लागे. पण मदतनीस भत्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कोणी मागत नसे, कारण मदतनीस तोच होता. सगळ्या योजनेत एवढी एकच रक्कम अशी होती की जिचे काय करायचे ते बापाने ठरवले.

हेच तत्त्व प्रचंड प्रमाणात मला पाहायला मिळाले ते अमेरिकेत. माझी मुलगी ॲरिझोना राज्यात फीनिक्सजवळ राहते. नातू आठ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. त्या राज्यात 2011 सालापासून विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी शिक्षण-खाते उघडता येते. सरकारी शाळेत त्या मुलावर जो खर्च झाला असता, त्याचा मोठा हिस्सा दर तिमाहीला खात्यात जमा होतो, आणि पालक त्यातून खाजगी शाळेची फी, वाचा-उपचार, शिकवणी, साधने यांचा खर्च भागवतात. सर्वसामान्य मुलाला वर्षाला सात हजार डॉलरांच्या आसपास मिळतात. स्वमग्न मुलाला त्याच्या कित्येक पट. जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. आधी तेथे अपंग मुलांसाठी सरळ शाळेची हुंडी होती. खाजगी शाळांना सरकारी पैसा देण्यास राज्यघटनेची मनाई असल्याने 2009 साली न्यायालयाने ती रद्द केली. मग पैसा शाळेला न देता पालकाच्या खात्यात देण्याची युक्ती निघाली, आणि ती न्यायालयात टिकली. लेखाशीर्ष बदलले की अशक्य ते शक्य होते, हे आमच्या खात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे!

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी त्या खात्याच्या पावत्या पाहिल्या. जुनी सवय. हिशेब चोख होता. मुलगी म्हणाली, "बाबा, पैसे आहेत, पण त्याला घेणारी शाळा शोधण्यात आमचे वर्ष गेले." दोन शाळांनी सभ्य शब्दांत नकार दिला होता. येथेच या व्यवस्थेची ग्यानबाची मेख आहे. अमेरिकेत 1975 च्या कायद्यापासून अपंग मुलाला योग्य शिक्षण देणे सरकारी शाळेवर बंधनकारक आहे. शाळा चुकली तर पालक दाद मागू शकतात. खाते घेताना पालक करारावर सही करून सरकारी शाळा सोडतो, म्हणजे त्या हक्काची तलवारही म्यान करतो. खाजगी शाळेला नकार देण्याची मोकळीक असते. पैसा पालकाजवळ राहतो आणि निवड शाळेजवळ जाते. नातू सध्या घरीच शिकतो, दोन उपचारतज्ज्ञ येतात, आणि तो पूर्वीपेक्षा पुष्कळ बोलतो, हेही मी डोळ्यांनी पाहिले. त्यामुळे ही योजना वाईट म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

लबाडी होतेच. 2018 साली तेथील लेखापरीक्षकांनी सात लाख डॉलरांहून अधिक गैरवापर दाखवला. त्यात सौंदर्यप्रसाधनेही होती. पण कुठल्या योजनेत गळती नसते? मला खटकले ते वेगळेच. 2022 साली हे खाते राज्यातल्या सर्व मुलांना खुले झाले. बारा हजारांच्या आसपासची संख्या काही वर्षांत ऐंशी हजारांच्या पुढे गेली, आणि ज्यांच्या नावाने दार उघडले ती मुले त्या गर्दीत अल्पसंख्य झाली.

आता मलकपेठेत येतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई देगलूरकडच्या. त्यांची मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे, सतरा वर्षांची. श्रवणदोष असलेल्या मुलांची सरकारी शाळा मलकपेठेतच असताना बाईंनी तिला घराजवळच्या साध्या सरकारी शाळेत घातले, कारण धाकटा भाऊ तेथे होता आणि रस्ता ओलांडताना तो तिचा हात धरी. घरी मराठी, शाळेत तेलुगू, गल्लीत दखनी. त्या मुलीने कोणत्या भाषेचे ओठ वाचावेत? तरी ती अकरावीपर्यंत आली. श्रवणयंत्र केंद्राच्या योजनेतून फुकट मिळाले. परंतु त्यातला गुंडीएवढा सेल दहाएक दिवसांत संपतो, आणि दोन कानांना मिळून सहा सेलचे पाकीट महिन्याला लागते. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असणाऱ्या मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये विद्यावेतन आहे. ते बँकेत जमा झाले की बाई सेल आणतात. जमा व्हायला उशीर झाला की यंत्र पेटीत आणि मुलगी वर्गात नुसती बसलेली.

नातवाच्या खात्याची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी पोळी लाटता लाटता विचारले, "काका, आपल्याकडे तसे झाले तर किती येतील?" मी हिशेब मांडला. समग्र शिक्षेत अशा मुलामागे वर्षाला 3500 रुपयांची तरतूद आहे, आणि ती खात्यात येत नाही. तीतून तपासणी शिबिरे, साधने, ब्रेल पुस्तके अशी कामे होतात. समजा ती सगळी हाती आली, तर महिन्याला तीनशेही पडत नाहीत. खाजगी वाचा-उपचाराच्या अर्ध्या तासाला पाचशे धरले तर वर्षाला सात बैठका. बौद्धिक अपंगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था 1984 पासून सिकंदराबादेत मनोविकासनगरला आहे, तेथे तज्ज्ञ आहेत. पण मलकपेठेहून मूल घेऊन जायचे म्हणजे शहर ओलांडायचे, आणि त्या दिवसाची चार घरांची कामे बुडवायची. बाई म्हणाल्या, "मग शाळाच बरी. नुसते सेलचे पैसे वेळेवर द्या म्हणावे."

मला त्यांचे म्हणणे पटते. 2016 च्या कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तो हक्क सोडून देण्याच्या मोबदल्यात खाते, हा सौदा आपल्याकडच्या आईला महागात पडेल. तिच्यापाशी दुसरे काहीच नाही. परंतु हक्क शाबूत ठेवून, शाळेच्या जोडीला, पावती न मागता दरमहा ठरल्या तारखेला येणारी थोडी रक्कम मात्र असावी. कोणाला सेल लागतात, कोणाला रिक्षा, कोणाला सायकलीवर खुर्ची. हे नलगोंडा चौरस्त्यावर बसून ठरत नाही, आणि दिल्लीत तर मुळीच नाही. मदतनीस भत्त्याचे दर वाढवा, एवढीच सूचना मी सेवेत असतानाही लिहून पाठवली होती. ती कुठल्या फाइलीत आहे, देव जाणे.

येत्या नोव्हेंबरात बाईंची मुलगी अठरा पुरी होईल. बारावीचे अर्धे वर्ष तेव्हा शिल्लक असेल. कायद्यातली ती मोफत शिक्षणाची वयोमर्यादा ओलांडल्यावर पुढे काय, सेल कोण देणार, हे विचारण्यासाठी मी त्यांच्याबरोबर कार्यालयात जाणार आहे. बाईंनी प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स आत्ताच काढून ठेवल्या आहेत.