दोन काटे

यंदा शाळेच्या सायकलिंग संघात चार जागा होत्या. चौथी मला मिळाली ती 214 वॅटच्या जोरावर. पाचवा आला तो माझ्या शेजारच्या पलंगावरचा झारखंडचा दोस्त. त्याचे 208.

चाचणी जिममधल्या ट्रेनरवर झाली. सायकलचं मागचं चाक लोखंडी रोलरवर दाबून बसवायचं आणि वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं. सरासरी वॅट पडद्यावर दिसतात. त्याचे 95 टक्के म्हणजे तासभर टिकणारी ताकद, असा हिशेब असतो. पहिल्या दिवशी काही जणांची चाचणी झाली, त्यात दोस्त होता. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांची, त्यात मी पहिला.

दोन आठवड्यांनी माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेली, वॅट मोजणारी पेडल्स आली. जोडी एकच, म्हणून आळीपाळीने रस्त्यावर चाचणी. माझे आले 189. पंचवीस वॅट गेले कुठे?

"बाकी सबका बाहर ज़्यादा आता है, तेरा अंदर?" पीटी उस्तादांनी विचारलं. त्यांचं खरं होतं. जिममध्ये अंगाला वारा लागत नाही, एका पंख्याखाली शरीर तापतं आणि पाय लवकर गळतात. बाहेर बहुतेकांचा आकडा वाढतो. माझाच उलटा.

मी कारणं शोधली. समोरचा वारा, स्पीडब्रेकर, मध्येच आडवी आलेली म्हैस. सगळ्यांत झकास कारण पेडलमध्येच सापडलं: ते फक्त डाव्या पायाचा जोर मोजतं आणि दुप्पट करून दाखवतं. माझा डावा घोटा जुलैत ऑब्स्टॅकल कोर्सवर मुरगळला होता! मेसमध्ये हे सर्वांना पटलं. दोस्त एवढंच म्हणाला, "पाय अजून दुखतो का रे?" त्या रात्री मला झोप आली नाही.

रविवारी घरी फोन लावला. आमचा ऊस असतो. कारखान्याला जाण्याआधी बाबा ट्रॉली बाहेरच्या खाजगी काट्यावर चढवतात आणि दोन्ही पावत्या जपून ठेवतात. माझं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "अरे, आज एक ट्रॉली तोलायची, परवा दुसरी, आणि काटा खोटा म्हणायचं, हे कसं चालंल? एकच ट्रॉली दोन्ही काट्यांवर घाल की."

मग उस्तादांची परवानगी घेऊन तीच पेडल्स ट्रेनरवरच्या सायकलला लावली, झिरो केली, आणि दोन्ही आकडे एकाच वेळी लिहून घेतले. ट्रेनर 211, पेडल 196.

इथे मी अडखळलो. आपला जोर आधी पेडलवर पडतो. मग साखळी आणि गिअर त्यातला दोन-चार टक्के खातात, आणि उरलेला मागच्या चाकाला मिळतो. म्हणजे पेडलचा आकडा ट्रेनरपेक्षा थोडा जास्त हवा. इथे तर पंधराने कमी. घोट्यावर अजूनही ढकलता आलं असतं, पण तेवढ्यात मला तो हवेचा पंप आठवला.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मागचा टायर मऊ वाटला म्हणून मीच हवा भरली होती. आमचा ट्रेनर जोर थेट मोजत नाही. चाकाच्या वेगावरून अंदाज करतो, आणि टायर रोलरवर किती घासतो हे त्यात धरतो. ती घासण त्याला पुन्हा शिकवावी लागते: दहा मिनिटं चालवून ट्रेनर गरम करायचा, वेग वाढवायचा, पाय थांबवायचे आणि चाक आपोआप थांबू द्यायचं. याला स्पिनडाउन म्हणतात. उस्तादांनी ते पहिल्या दिवशी केलं होतं. हवा भरल्यावर मी केलं नाही. कडक टायर कमी घासतो, ट्रेनर मात्र जुनीच घासण धरून बसलेला. वॅट फुकट.

आता स्पिनडाउन करून पुन्हा चालवलं. ट्रेनर 191, पेडल 196. डावा पाय निर्दोष सुटला.

त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं का? स्पिनडाउन करायचं असतं हे भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं आहे. थोड्या हवेने काय फरक पडतो, असं वाटलं. आणि 214 दिसल्यावर विचार करावासाच वाटला नाही.

सांगायला मला दोन दिवस लागले. दोन्ही रात्री दोस्त शेजारी बसून बूट घासत होता, नि मी पुस्तकात तोंड घालून. तिसऱ्या सकाळी पीटी संपल्यावर उस्तादांपुढे उभा राहिलो. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "हवा किसने भरी?"

"मैंने, सर."

त्यांनी दुसऱ्याच सकाळी आम्हा दोघांची चाचणी लावली. टायरची हवा तीच आणि दोघांच्याही आधी स्पिनडाउन. तो 209, मी 195. यादीतलं चौथं नाव बदललं. मी राखीव.

डॉर्ममध्ये परतताना दोस्ताला सगळं सांगितलं. सॉरी म्हणालो, पण नीट जमलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे पाय बरा आहे ना?"

आता रोज ट्रेनिंगआधी हवा मोजायचं आणि स्पिनडाउन करायचं काम माझ्याकडे आहे. वहीत तारीख, हवा आणि आकडा लिहितो.

पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "मग, कुठला काटा खोटा निघाला?"

"आतला."

"आणि ट्रॉली?"

"एकोणीस वॅट कमी भरली," मी म्हणालो. ते हसले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.